सरकारचा नवा निर्णय आला की तो खुल्या बाजाराच्या नजरेने कसा तपासायचा

राज्य सरकारची कुठलीही घोषणा झाली की तासाभरात ग्रुपवर भांडण सुरू, एक म्हणतो मास्टरस्ट्रोक, दुसरा म्हणतो जुमला, आणि मूळ कागद दोघांनीही उघडलेला नसतो. मी खुल्या बाजाराच्या बाजूचा माणूस आहे, घरात शरद जोशींच्या शेतकरी संघटनेचा बिल्ला बघत मोठा झालो, त्यामुळे माझं मत कुठे झुकतं ते आधीच सांगून टाकतो. पण पद्धत कुणालाही वापरता येईल. निर्णय कुठल्या पक्षाने घेतला ते बाजूला ठेवायचं आणि एकच शोधायचं, या निर्णयाने कुणाचा आपल्या मर्जीने सौदा करायचा हक्क वाढला आणि कुणाचा गेला.

सुरुवात कागदापासून. योजना असेल तर तिचा जीआर शासन निर्णयांच्या साइटवर असतो, मराठीतच असतो आणि फुकट डाउनलोड होतो. प्रस्तावना भरभर वाचा, थांबायचं ते पात्रता-अपात्रतेच्या यादीवर आणि खर्च कुठल्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे सरकारी हिशेबाच्या कुठल्या खात्यात, टाकलाय तिथे. कायदा येणार असेल तर विधेयक मिळवा आणि ते शेवटून वाचा, कारण उद्देश व कारणे, वित्तीय ज्ञापन आणि सरकारकडे कुठले नियम करायचे अधिकार सोपवलेत हे सगळं मागच्या पानांवर असतं. मग विधेयकात ‘विहित करण्यात येईल’, म्हणजे नंतर नियम करून ठरवू, हे शब्द किती वेळा आलेत ते मोजा. जिथे जिथे ते आहेत तिथे खरा निर्णय विधानसभेत होतच नाहीये, तो नंतर खात्यात बसून होणार आहे, आणि परवान्याची फी, मुदत, कोणाला सूट कोणाला नाही हे सगळं तिथेच ठरणार. लोक कलमांवर भांडत बसतात आणि नियम येतात तेव्हा कुणाचं लक्षच नसतं.

दुसरा प्रश्न पैशाचा. हा प्रश्न विचारला की लगेच तुम्हाला गरीबविरोधी ठरवतात, तरी विचारायचा. 1972 च्या दुष्काळानंतर रोजगार हमी योजना उभी राहिली तेव्हा तिच्यासाठी 1975 साली व्यवसाय कर आला, पगारदाराच्या स्लिपवर तो आजही कापलेला दिसतो. तुमचं त्या योजनेबद्दल मत काहीही असो, निदान खर्च आणि तो भरणारा दोघं समोरासमोर होते. आता लाडकी बहीण घ्या, महिना 1500 रुपये, 2025-26 च्या बजेटमध्ये तिच्यासाठी 36,000 कोटी, आणि त्याच बजेटमध्ये महसुली तूट 45,891 कोटी. महसुली तूट म्हणजे रोजचा खर्चसुद्धा कमाईतून भागत नाही, कर्ज काढून भागवावा लागतो, आणि ते कर्ज फेडणारा आज शाळेत असलेला पोरगा आहे ज्याला मतही नाही. पण इथे एक गोष्ट मनापासून सांगतो, आपल्या बाजूचे लोक सरसकट रेवडी म्हणून हिणवतात ते मला पटत नाही. बाईच्या खात्यात 1500 आले तर त्याचं काय करायचं ते ती ठरवते. सणाला रेशनवर आनंदाचा शिधा आला तेव्हा 100 रुपयांत रवा, चणाडाळ, साखर, पामतेल मिळायचं, पण काय द्यायचं ते सरकार ठरवणार आणि पुरवायचं कुणी ते टेंडर ठरवणार. द्यायचंच असेल तर रोख बरं. पैसा कुठून आणायचा हा प्रश्न तरीही उरतोच, त्यासाठी बजेटसोबत दर अधिवेशनातल्या पुरवणी मागण्या, म्हणजे बजेटनंतर मागितलेला जादा खर्च, त्याही बघत जा, मार्चमध्ये सांगितलेला आकडा तिथे हळूच वाढतो.

तिसरा प्रश्न माझ्या लेखी सगळ्यात मोठा, बाहेर कोण ठेवला गेला? कापूस एकाधिकार खरेदी योजना आठवते का? 1972 च्या सुमाराला आली, व्यापारी लुबाडतो म्हणून व्यापाऱ्यालाच बंदी, कापूस फक्त सरकारी यंत्रणेलाच घालायचा. हेतू चांगलाच होता, त्यावर मी शंका घेत नाही. पण झालं काय तर पैसे हप्त्या-हप्त्याने यायचे, आणि शेजारच्या राज्यात भाव जास्त असला तरी आपला कापूस हद्दीपलीकडे नेणं हा गुन्हा. म्हणजे व्यापाऱ्यापासून वाचवायचं म्हणून शेतकऱ्यालाच चोर केलं! रात्री गाड्या काढून लोक हद्द ओलांडायचे, माझ्या आजोबांच्या तोंडून हे इतक्या वेळा ऐकलंय की तो विषय निघाला की मला अजून राग येतो. तेव्हा कुठल्याही निर्णयात ‘फक्त’, ‘केवळ’, ‘मान्यताप्राप्त’, ‘परवानाधारक’ असे शब्द दिसले की थांबायचं आणि त्या शब्दाच्या बाहेर कोण राहिला त्याचं नाव कागदावर लिहायचं. आणि उलटं पण बघा, जुलै 2016 मध्ये फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून बाहेर काढला, म्हणजे तो समितीच्या बाहेरही विकता येऊ लागला, किंवा 2017 च्या दुकाने-आस्थापना कायद्याने 10 पेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानाला नोंदणीऐवजी नुसती माहिती कळवून धंदा करायची मोकळीक दिली, अशा वेळी सरकार कुठलंही असो, चांगलं केलं असं उघड म्हणा.

भाव बांधलेला असेल तर काळ लांबचा धरून बघा, पहिल्या वर्षी त्याचा फायदाच दिसतो. मुंबईत 1947 च्या कायद्याने घरभाडं 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीवर बांधलं, जे आत राहत होते त्यांना दिलासा मिळाला, पण मालकाने दुरुस्ती सोडली, नव्याने शहरात येणाऱ्याला भाड्याची खोली मिळेना, पागडी सुरू झाली, मग इमारती पडायला लागल्यावर दुरुस्तीसाठी मंडळ आणि उपकर आला. नवा भाडे नियंत्रण कायदा यायला 1999 उजाडलं. एका बांधलेल्या भावामागून किती खाती उभी राहिली ते बघा.

आता आपल्याच बाजूची तपासणी, ही टाळू नका. खुला बाजार म्हणजे उद्योगपतींची बाजू नव्हे. महाराष्ट्रात उद्योगांना प्रोत्साहन द्यायची योजना 1964 पासून चालू आहे, कर परतावा, वीज शुल्कात सूट वगैरे. मोठ्या कारखान्याला सूट मिळते आणि तोच माल बनवणारा छोटा वर्कशॉपवाला पूर्ण कर भरतो, तर तिथेही तोच तराजू लावा. शेतकऱ्याच्या 7.5 एचपीपर्यंतच्या पंपाच्या मोफत विजेवर लिहिताय आणि कारखान्याच्या सवलतीवर गप्प बसताय तर लोक तुमचं का ऐकतील? आणि पंपाच्या विजेबद्दल लिहिताना हेही लिहा की निर्यातबंदी लावून, डिसेंबर 2023 मध्ये कांद्यावर लावली तशी, शेतकऱ्याचा भाव पाडायचा आणि मग फुकट वीज देऊन त्याची समजूत काढायची, हे दोन्ही हात सरकारचेच, एक दिल्लीचा एक मुंबईचा. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही शेतकरी संघटनेची घोषणा याच्यावरच होती.

मांडताना भाषा साधी ठेवा. ‘नियंत्रणमुक्ती’ म्हटलं की समोरचा कान बंद करतो, ‘तुमच्या मामाला त्याचा माल पाहिजे तिथे विकता आला पाहिजे की नाही’ म्हटलं की तो बोलायला लागतो. विरोध करताना नुसतं नको म्हणू नका, त्याऐवजी काय ते एका ओळीत सांगा.

आणि हे फक्त पोस्टपुरतं ठेवू नका. नियमांचा मसुदा राजपत्रात येतो तेव्हा हरकती व सूचना मागवतात, शेवटची तारीख त्यातच दिलेली असते. वीजदराच्या प्रस्तावावर विद्युत नियामक आयोग जनसुनावणी घेतो, तिथे कुणीही नागरिक बोलू शकतो, वकील लागत नाही. अर्जात कलम नंबर टाका, बाहेर राहणारा कोण ते लिहा, बदल नेमका कुठल्या शब्दात हवा ते लिहा, एका पानात संपवा आणि पोच घ्या. पोच, अर्जाची प्रत आणि मसुदा जपून ठेवा, अंतिम नियम आल्यावर मसुद्याशी शब्दन् शब्द ताडून बघायला ते लागतात.