रेकॉर्डिंग तुटतंय? छत्री फिरवण्याआधी दोन्ही केबली तपासा

लाइव्ह चॅनेल स्वच्छ दिसतं, पण रात्री लावलेलं रेकॉर्डिंग उघडलं की चित्राचे चौकोन होतात, आवाज तुटतो. बरेच जण लगेच गच्चीवर जाऊन छत्री फिरवतात आणि जे नीट चालू होतं तेही घालवून बसतात. रेकॉर्डरवाल्या डीटीएच बॉक्समध्ये बहुधा दोन ट्यूनर (चॅनेल पकडणारे भाग) असतात आणि त्यांच्यासाठी एलएनबीपासून, म्हणजे छत्रीसमोरच्या दांडीवरच्या सिग्नल घेणाऱ्या डबीपासून, दोन स्वतंत्र केबली येतात. एक केबल चांगली असली की पडद्यावर सगळं ठीक वाटतं. दुसरीतला दोष रेकॉर्डिंगमध्ये उघडा पडतो.

आधी डिस्कचा संशय मिटवा. बिघडलेला भाग दोन-तीनदा मागे नेऊन बघा. दर वेळी त्याच ठिकाणी तेच चौकोन येत असतील आणि जुनी रेकॉर्डिंग व्यवस्थित चालत असतील, तर दोष सिग्नलचा. पूर्वी नीट दिसलेली रेकॉर्डिंगही आता अडखळत असतील, तर हार्ड डिस्क दुखतेय. छत्रीचा काही संबंध नाही.

दोष सिग्नलचा असेल, तर सेटिंगमध्ये सिग्नलचं पान उघडा आणि दोन्ही ट्यूनरचे आकडे कागदावर लिहा. स्ट्रेंग्थ म्हणजे सिग्नल किती पोचतो, क्वालिटी म्हणजे तो किती स्वच्छ वाचता येतो. चित्र क्वालिटीवर ठरतं. स्ट्रेंग्थ भरपूर आणि क्वालिटी कमी, असं सर्रास आढळतं, म्हणून नुसत्या पहिल्या आकड्यावर समाधान मानू नका.

आता बॉक्स भिंतीवरच्या बटणाने बंद करा. रिमोटने बंद करणं पुरेसं नाही. केबलमधून एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट जातात आणि शॉर्ट झालं तर बॉक्स खराब होऊ शकतो. मागच्या दोन केबलींची अदलाबदल करा आणि बॉक्स चालू करून पुन्हा आकडे बघा. दोष आधीच्याच ट्यूनरवर राहिला तर बॉक्सच बिघडलाय, कंपनीला कळवा. दोष दुसऱ्या ट्यूनरवर सरकला तर बिघाड केबलीत किंवा एलएनबीत आहे. मग बॉक्स पुन्हा तसाच बंद करा, केबली मूळ जागी लावा, एलएनबीकडच्या टोकांची अदलाबदल करा, आणि बॉक्स चालू करून बघा. दोष जागचा हलला नाही तर केबल खराब, हलला तर एलएनबी.

ठरावीक चॅनेलच जात असतील, तर व्होल्टेजकडे लक्ष द्या. उभ्या आणि आडव्या ध्रुवीकरणातली (सिग्नलच्या लहरी उभ्या की आडव्या, यातली) निवड याच १३-१८ व्होल्टवर होते. लांब केबल किंवा गंजलेला कनेक्टर १८ व्होल्ट पुरते पोचू देत नाही आणि चॅनेलांचा एक अख्खा गट नाहीसा होतो. एका केबलीला साधा स्प्लिटर (एका केबलीच्या दोन वाटा करणारा जोड) लावून दोन्ही ट्यूनर चालवायचा प्रयत्न याच कारणाने फसतो: दोघांची मागणी वेगळी असते.

सगळ्यात जास्त दोष कनेक्टरमध्ये सापडतात, विशेषतः कोकणच्या खाऱ्या हवेत. गच्चीवरचा एफ कनेक्टर (केबलच्या टोकाचा पेचाचा जोड) उघडा. मधली तार काळी-हिरवी पडली असेल किंवा तिच्याभोवतीची धातूची जाळी ओली असेल, तर आतली तांब्याची चमक दिसेपर्यंत केबल कापत चला. नवा कनेक्टर बसवताना जाळी पूर्ण मागे दुमडा. तिचा केसाएवढा धागासुद्धा मधल्या तारेला टेकता कामा नये. पांढरं इन्सुलेशन कनेक्टरच्या आतल्या तळाशी सपाट बसावं आणि तार कडेच्या बाहेर दोन-तीन मिलिमीटर यावी. पिळून बसवायच्या कनेक्टरपेक्षा दाबून बसवायचा चांगला. केबलीला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकेल. एलएनबीच्या तोंडावरची टोपीही बघा: ती तडकली की पाणी शिरतं, आणि कुंभारीण माशीने तिथे मातीचं घर केलं की सिग्नल अडतो.

दोन्ही ट्यूनरची क्वालिटी सारखीच कमी असेल, तरच छत्रीकडे वळा. पुण्याहून ८३ अंश पूर्व रेखांशावरचा उपग्रह क्षितिजापासून सुमारे ६६ अंश वर असतो, १०८.२ अंशांचा मात्र जेमतेम ४५ अंशांवर. त्यामुळे दुसऱ्याच्या वाटेत पूर्व-आग्नेयेचं झाड पटकन येतं. जूनमध्ये पालवलेला गुलमोहर तपासा. आधी खांब ओळंब्यात आहे का बघा, जुन्या जागेवर मार्करने खूण करा आणि नट अर्धवटच सैल करा. ६० सेंटिमीटरच्या छत्रीची कड पाच मिलिमीटर सरकली की ती जवळजवळ एक अंशाने फिरते, आणि एवढ्यानेही सिग्नल उतरतो. थोडं हलवा, पाच सेकंद थांबा, खाली कोणी आकडा सांगू दे. ओल्या गच्चीवर किंवा विजा चमकत असताना हे काम करू नका.

मुसळधार पावसात काही मिनिटं सिग्नल जाणं स्वाभाविक आहे. रिमझिम पावसातही जात असेल, तर छत्रीची दिशा किंवा कनेक्टर कच्चा आहे. मार्चच्या मध्याच्या आसपास आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला सूर्य उपग्रहाच्या बरोबर मागे येतो. तेव्हा काही दिवस दिवसा थोडा वेळ चित्र जाऊ शकतं. त्या काळात छत्री हलवू नका.

दुरुस्तीनंतर दोन वेगवेगळ्या चॅनेलांची रेकॉर्डिंग एकाच वेळी अर्धा तास लावा आणि दोन्ही शेवटपर्यंत बघा.