मोतीबिंदूचं ऑपरेशन आणि रुग्णाच्या कानातलं संगीत

मोतीबिंदूचं ऑपरेशन बहुतेक वेळा रुग्ण जागा असतानाच होतं. तोंडावर कापड, डोळ्यावर प्रखर उजेड, शेजारी मशीनचा आवाज. घाबरलेल्या माणसाचा रक्तदाब चढतो, तो श्वास रोखतो, डोळा गच्च मिटायला बघतो. त्याने डोळ्यातला दाब वाढतो आणि ऐन नाजूक टप्प्यावर डॉक्टरांचं काम अवघड होतं. संगीत भुलीची जागा घेत नाही, पण ही भीती उतरवायला त्याची चांगली मदत होते.

सुरुवात टेबलावर करू नका. बाहुली मोठी करायचे थेंब घातल्यावर रुग्ण बराच वेळ बसूनच असतो, तेव्हाच संगीत लावा. टेबलावर पहिल्यांदाच कानात काही घातलं तर ती आणखी एक अनोळखी वस्तू होते.

काय लावायचं हे रुग्णालाच विचारा. 1843 मध्ये विष्णुदास भाव्यांनी जिथे नाटक उभं केलं त्या सांगलीत नाट्यपदं मागणारे आजोबा भेटणारच. मिरज तर सतार-तंबोऱ्याचं गाव. तरीही आम्ही आधी बासरी, संतूर किंवा सतारीची संथ आलापी सुचवतो. ठेका हवाच असेल तर मिनिटाला 60 ते 80 मात्रांचा, त्याहून जलद नको. अभंग पुष्कळांना हवा असतो, पण शेवटी लय चढते आणि रुग्णाची बोटं ताल धरतात. त्याच बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा असतो. बोट हललं की आकडा चुकतो आणि अलार्म वाजायला लागतो. गुणगुणायला लागला तर डोकंच हलतं. म्हणून आधी सांगून ठेवा: "आजी, ऐकायचं फक्त, म्हणायचं नाही." घरात नुकतीच कुणाची माती झाली असेल तर भजन टाळा, डोळ्याला पाणी येतं.

स्पीकर की इयरफोन? आमचं मत इयरफोनकडे. मोतीबिंदू फोडून ओढून घेणाऱ्या फेको मशीनच्या बदलत्या सुरावरून डॉक्टरांना ओढीचा अंदाज येतो, खोलीभर गाणं असलं की तो सूर दबतो. मात्र इयरफोन एकाच कानात, आणि ज्या डोळ्याचं ऑपरेशन आहे त्याच्या विरुद्ध बाजूच्या. उजवा डोळा असेल तर डावा कान. ऑपरेशनच्या बाजूला डॉक्टरांचा हात टेकलेला असतो, धुण्याचं पाणी कानशिलावरून तिकडेच ओघळतं. शिवाय मोकळ्या कानाने "खाली बघा" ही सूचना ऐकू जाते. विरुद्ध कानाने कमी ऐकू येत असेल तर इयरफोनचा नाद सोडा, छोटा स्पीकर उशाशी, निर्जंतुक भागापासून दूर, हलक्या आवाजात ठेवा.

डोळ्याभोवती बेटाडीन हे जंतुनाशक लावण्याआधीच इयरफोन बसवा. वायर मानेखालून छातीकडे नेऊन चिकटपट्टीने पक्की करा. कापड टाकल्यावर तिला कुणीही हात लावायचा नाही. निसटला तर निसटू द्या, कापड उचलून परत घालायला जाऊ नका.

घोटाळा होतो तो बहुधा फोनमुळे. गाणी आधीच उतरवून घ्या आणि फोन फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर मधेच जाहिरात किंवा रिंग कानात आदळते आणि रुग्ण दचकतो. बिनवायरचे इयरफोन चार्जिंग संपत आलं की मोठ्याने तसं सांगतात, म्हणून आम्ही वायरचेच वापरतो. सगळ्या गाण्यांचा आवाज सारखा करून घ्या. यादी सलग तासाभराची हवी. ऑपरेशन लवकर उरकतं, पण आधीची बैठक लांबते. आवाज एवढाच ठेवा, की सिस्टर नेहमीच्या स्वरात बोलल्या तर रुग्ण लगेच उत्तर देईल. हे टेबलावर नेण्याआधी एकदा बोलून तपासा.

खोकला किंवा शिंक येतेय असं वाटलं तर हात वर न करता तोंडाने सांगायचं, हे संगीत लावण्याआधीच पक्कं करून घ्या. आणि "नको" म्हणणाऱ्याला आग्रह करू नका; काहींना डॉक्टरांचं बोलणं ऐकू येत राहण्यातच धीर वाटतो.

प्रत्येक रुग्णानंतर इयरफोन स्पिरिटने पुसायचे, रबरी टोपी बदलायची. कान वाहत असेल त्याला इयरफोन द्यायचाच नाही.