एमआय रूममधल्या लस देणाऱ्यांचं कौतुक करायचंय? मग मिठाईचा बॉक्स घरीच ठेवा

फौजेच्या फॅमिली क्वार्टरमध्ये राहणाऱ्या बायकांचे मला मेसेज येतात की ताई, आमच्या एमआय रूममधला (म्हणजे युनिटच्या छोट्या दवाखान्यातला) नर्सिंग असिस्टंट फार चांगलाय, बाळाच्या सगळ्या लशी वेळेवर करून घेतो, त्याला काही द्यायचं तर काय द्यायचं. मी पण एकदा ही चूक केलीये म्हणून सांगते. मुलीचा पहिला वाढदिवस होता, मी हौसेने पेढ्यांचा बॉक्स आणि पाकिटात पाचशे रुपये घेऊन गेले, तो पोरगा असा घाबरला, "भाभीजी, ये नहीं ले सकता" म्हणत मागे सरकला आणि समोरच्या बाकावरच्या सगळ्या बायका आमच्याकडे बघत बसल्या. घरी आल्यावर ह्यांनी वेगळं ऐकवलं. तर पैसे नको, गिफ्ट नको, साडी तर सिस्टरना अजिबातच नको. लेखी पत्र द्या. फौजेत कागदाला जे वजन आहे ते कशालाच नाही.

आता पत्र म्हटलं की सगळ्या काय लिहितात, "त्यांची सेवा खूप चांगली आहे, स्वभाव प्रेमळ आहे, आम्ही आभारी आहोत." असलं पत्र सीओ साहेब (युनिटचे कमांडिंग ऑफिसर) वाचतात, सही करतात, फाईलला लागतं, संपलं. त्यातून साहेबांना काहीच कळत नाही ना. लसीकरणाच्या कामाची गंमत अशी आहे की ते नीट झालं तर काहीच घडत नाही, पोराला गोवर होत नाही, घटसर्प होत नाही, मग सांगणार काय? 2021 मध्ये कोविडची लस आली, 16 जानेवारीला आधी आरोग्य कर्मचाऱ्यांना आणि 2 फेब्रुवारीपासून फ्रंटलाइनवाल्यांना, तेव्हा सगळ्यांचे फोटो निघाले, टाळ्या वाजल्या. पण दर आठवड्याला पेंटा (पाच रोगांची एकत्र लस) आणि एमआर (गोवर-रुबेलाची लस) टोचणारा माणूस तोच आहे, त्याचा फोटो कोण काढतं. म्हणून पत्र लिहायच्या आधी त्याचं काम नीट बघा. खरं तर सगळ्यात महत्त्वाची स्टेप हीच आहे.

काय बघायचं ते सांगते. लस दोन ते आठ डिग्रीत ठेवायची असते आणि त्या फ्रिजचं टेम्परेचर दिवसातून दोनदा बघून लिहायचं असतं, म्हणजे रविवारी पण, दिवाळीला पण. राजस्थानातल्या एका स्टेशनला आम्ही होतो तिथे मे महिन्यात दुपारी लाईट गेली, जनरेटर पण सुरू होईना, तेव्हा तिथल्या नायकाने (नायक हा फौजेतला हुद्दा, तो तिथला नर्सिंग असिस्टंट) फ्रिजचं झाकण कुणालाच उघडू दिलं नाही आणि नंतर सगळ्या बाटल्या आईसपॅकवाल्या कोल्ड बॉक्समध्ये भरून स्वतः दुसरीकडे पोचवल्या. आम्ही बायका बाहेर बसून कुरकुरत होतो की आज डोस का देत नाही! दुसऱ्या दिवशी त्याने मला बाटली हातात देऊन दाखवली, लेबलवर एक गोल असतो, त्यात फिकट चौकोन, बाटली गरम झाली की चौकोन गडद होत जातो आणि गोलाच्या रंगाचा झाला की ती बाटली वापरायची नाही. आमच्या बाटल्यांचा चौकोन अजून पांढराच होता. हे मी पत्रात लिहिलं, तारखेसकट.

अजून एक. बीसीजी (क्षयरोगाची लस) आणि एमआरची पावडर तिच्या द्रावणात मिसळली की चार तासांत संपवायची, उरलेली फेकायची. एका बाटलीत बऱ्याच पोरांचे डोस असतात, म्हणून तो ठराविक वारी सगळ्यांना एकदम बोलावतो आणि जी आली नाही तिला फोन करतो. आपल्याला वाटतं किती मागे लागतो. आणि आपली दर दोन-तीन वर्षांनी बदली, ट्रकमध्ये सामान, त्यात कार्ड हरवतं, मोठ्याचा पाच वर्षांचा बूस्टर झाला का नाही कुणाला आठवत नाही, तेव्हा जुन्या स्टेशनला फोन करून रजिस्टरमधून नोंद काढून नवीन कार्ड भरून देणारा माणूस असेल तर ते तर लिहाच लिहा. मिस्टर यूएन मिशनला काँगो किंवा साऊथ सुदानला जाणार असतील तर यलो फीवरची लस निघायच्या किमान दहा दिवस आधी लागते, तिथे कुणी धावपळ करून वेळेत करून दिली असेल तर ते मिस्टरांनी स्वतः लिहावं, जवानाच्या शब्दाला अजून वजन येतं.

पत्र कुणाला लिहायचं हा दुसरा गोंधळ. एमआय रूम युनिटची असेल तर युनिटच्या सीओंना, मिलिटरी हॉस्पिटलमध्ये लस घेतली असेल तर तिथल्या कमांडंटना. कँटोन्मेंटमधला पल्स पोलिओ बऱ्याच ठिकाणी स्टेशन हेल्थ ऑर्गनायझेशनवाले बघतात, मग तिकडच्या ओसींना (ऑफिसर कमांडिंग). आधी मिस्टरांना विचारा, नाहीतर युनिटच्या रस्त्याने द्यायचं पत्र तुम्ही भलतीकडेच टाकाल. मराठीत लिहू नका, साहेब तमिळ असतील नाहीतर पंजाबी, साध्या हिंदीत किंवा इंग्रजीत लिहा. आणि रँक चुकवू नका! आपण सगळ्यांनाच "सिस्टर" म्हणतो पण मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसच्या सिस्टर ऑफिसर असतात, लेफ्टनंट, कॅप्टन, मेजर, तर पत्रात रँक आणि पूर्ण नाव. नर्सिंग असिस्टंट आर्मी मेडिकल कोअरचा, तो शिपाई आहे का नायक का हवालदार ते विचारून घ्या.

मी साधारण असं लिहिते, मग हिंदी करते:

"मी अमुक युनिटच्या हवालदार तमुक यांची पत्नी. आमची मुलगी नऊ महिन्यांची असताना अमुक तारखेला एमआरचा डोस होता. मी गावी होते. नायक अमुक यांनी फोन करून आठवण दिली, गावच्या आरोग्य केंद्रात डोस घ्यायला सांगितलं आणि परत आल्यावर कार्ड बघून नोंद केली. डोस दिल्यावर कोणती लस, ताप आला तर काय करायचं, पुढची तारीख कधी आणि कार्ड जपून ठेवा, या चारही गोष्टी ते प्रत्येक आईला सांगतात. हे मी स्वतः बघितलंय."

बस एवढंच, एक पान. "देवमाणूस" वगैरे नको. आणि दहा जणींनी एकच मजकूर कॉपी करून सह्या केलेलं पत्र तर मुळीच नको, त्यापेक्षा तिघींनी आपापला किस्सा लिहिलेला बरा.

एक समजून घ्या, कमेंडेशन कार्ड (फौजेतलं चांगल्या कामाचं प्रशस्तिपत्र) आपण अर्ज करून मिळत नाही, शिफारस त्यांच्या वरिष्ठांकडूनच वर जाते आणि नावं 15 जानेवारी, 26 जानेवारी, 15 ऑगस्ट अशा दिवशी येतात. पण शिफारस लिहिणाऱ्या साहेबांकडे तुमचं तारीखवार पत्र असेल तर त्यांना लिहायला काहीतरी मिळतं. म्हणून दोन-तीन महिने आधीच द्या. नुसतं जाहीर कौतुक हवं असेल तर 16 मार्चचा राष्ट्रीय लसीकरण दिन, 3 एप्रिलचा मेडिकल कोअरचा दिवस, 12 मेचा नर्सेस डे आणि 1 ऑक्टोबरचा नर्सिंग सर्व्हिसचा दिवस बघा, त्याच्या आसपास बायकांची वेल्फेअर मीटिंग असली तर सीओ साहेबांच्या मॅडमना आधी सांगून दोन मिनिटं बोला. मी बोलले तेव्हा पाय लटपटत होते, चिठ्ठी वाचून दाखवली, चालतं.

फोटो मात्र टाकू नका. युनिफॉर्ममधला माणूस, मागे युनिटचा बोर्ड, हे फेसबुकवर नको म्हणजे नको, आणि 2020 मध्ये फौजेने जवानांना एकोणनव्वद अॅप काढायला लावली त्यात फेसबुक, इन्स्टा दोन्ही होतं, म्हणून टॅगही करू नका.

पत्र देताना एक झेरॉक्स स्वतःकडे ठेवा. आमच्या नायकाची बदली झाली तेव्हा तो दारात येऊन विचारत होता, भाभीजी वो चिट्ठी की एक कॉपी मिलेगी क्या, गाँव भेजनी है, आणि माझ्याकडे कॉपीच नव्हती.