चालत वाजवायचं तर: बँडमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी दमसासाचा रियाज

खुर्चीत बसून अख्खं गाणं सुरेल वाजवणारा मुलगा मैदानावर चार पावलं चालला की त्याचा सूर थरथरायला लागतो. शाळेच्या बँडपासून वराती, मिरवणुकांपर्यंत मी ट्रम्पेट वाजवत आलो आणि आता मुलांना शिकवतो. हे मी दरवर्षी पाहतो. मुलांना वाटतं आपले ओठ कच्चे आहेत. बहुतेक वेळा ओठ ठीक असतात, बिघडलेला असतो तो श्वास. चालताना पायांनाही प्राणवायू लागतो, प्रत्येक पावलाचा हिसका फुंकरीला बसतो, आणि बसून केलेल्या रियाजात यातलं काहीच नसतं. म्हणून नव्या मुलांना माझं पहिलं सांगणं असतं: श्वास पावलाला बांधून घ्या.

जुने बँडमास्तर ‘पोटात हवा भर’ म्हणतात. हवा फुप्फुसातच जाते, पण त्यांचं सांगणं बरोबर आहे. श्वास घेताना छातीखालचा पडदा खाली सरकतो, म्हणून पोट पुढे येतं आणि खालच्या बरगड्या बाजूला फाकतात. दोन्ही हात कमरेच्या वर, बरगड्यांवर ठेवून बघा. हात बाहेर ढकलले गेले तर श्वास खोल गेला. नुसते खांदे वर उचलले गेले तर हवा वरच्या वर राहिली. चालताना नाकाने श्वास घ्यायला वेळ पुरत नाही, तेव्हा माऊथपीस (वाद्याचा ओठांना लावायचा भाग) ओठांवर तसाच ठेवून तोंडाच्या कोपऱ्यांतून हवा आत घ्या. घसा जांभई देतानासारखा मोकळा हवा. श्वास घेताना आवाज आला तर घसा आवळलाय असं समजा.

आता मुख्य व्यायाम. यासाठी वाद्य घरीच ठेवा. पोलीस आणि लष्कराच्या जलद चालीत मिनिटाला 120 पावलं पडतात, म्हणजे एका पावलाला अर्धा सेकंद. मोबाइलवर मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक लयीत टिकटिक करणारं ॲप, 120 ला लावा आणि चालायला लागा. चार पावलं श्वास आत, आठ पावलं बाहेर. हे जमलं की दोन पावलं आत, आठ बाहेर. मग एकाच पावलात श्वास भरायचा आणि आठ पावलं सोडायचा. सोडताना दातांतून ‘स्स्स’ असा आवाज काढा आणि तो कान देऊन ऐका. दर पावलाला ‘स्स-स्स-स्स’ असा तुटत असेल तर तुमची टाच जमिनीवर आपटते आहे आणि तोच धक्का उद्या माऊथपीसमधून दातांवर बसणार आहे. टाच अलगद टेकवा, मग वजन चवड्याकडे जाऊ द्या, गुडघा ताठ ठेवू नका. आवाज एकसंध रेघेसारखा येईपर्यंत वाद्य हातात घेण्याची घाई करू नका. मुलं इथेच कंटाळतात, पण या व्यायामाला पर्याय मला अजून सापडलेला नाही. चक्कर आल्यासारखं वाटलं की लगेच थांबा, साधा श्वास घ्या. गरजेपेक्षा जास्त आणि भराभर श्वास घेतला की असं होतं, तिथे जिद्द दाखवायची नसते.

वाद्यावरचा रियाज खर्जातून सुरू करा, गायक करतात तसाच. मधल्या आणि खालच्या पट्टीतला एकेक सूर हळू आवाजात, न हलवता, आठ ते बारा मात्रा धरायचा. त्यानंतर एकही व्हॉल्व्ह (बोटांनी दाबायची कळ) न दाबता फक्त ओठ आणि हवेवर खर्जातला सा, प, मधला सा, मग ग आणि प असं चढायचं आणि तसंच उतरायचं, मध्ये जिभेने सूर न तोडता. हे पाचही सूर ट्रम्पेटच्या मोकळ्या नळीतच असतात. वर जाताना माऊथपीस ओठांवर दाबला की सूर लागतो खरा, पण ओठांचं रक्त अडतं आणि तासाभरात ते बधिर होतात. वर जायचं ते हवेच्या वेगावर. उभं राहून जमलं की जागच्या जागी पावलं टाकत वाजवा, मग चालत.

सुझाफोन, म्हणजे अंगाभोवती घेऊन खांद्यावर पेलायचं खर्जाचं मोठं पितळी वाद्य, वाजवणाऱ्यांचं गणित वेगळं. ट्रम्पेटला हवा कमी लागते पण दाब जास्त, सुझाफोनला दाब कमी आणि हवा भरपूर. त्यांनी वारंवार, छोट्या जागांतही श्वास घ्यावा. खांद्यावरचं वजन सांभाळण्यासाठी कंबर मागे वाकवू नका, बरगड्या अडकतात.

गाणं बसवताना कागदावर श्वासाच्या खुणा करा. शेजाऱ्याशी ठरवून घ्या की दोघांनी एकाच जागी श्वास घ्यायचा नाही. सगळे ओळीच्या शेवटी थांबले तर गाण्यात भोक पडतं.

मिरवणुकीत खरा कस लागतो. पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर पुढेमागे ढोल-ताशा पथकं असतात आणि स्वतःचाच आवाज ऐकू येत नाही. नवा मुलगा घाबरून जोर लावतो आणि अर्ध्या वाटेत संपतो. त्या गलक्यात रोजच्या जोरानेच वाजवा, आवाज कानाने नाही तर फुंकरीच्या जाणिवेने मोजा. गुलाल उधळला जात असेल तेव्हा खोल श्वास घेऊ नका. घशात गेला तर खोकला, व्हॉल्व्हमध्ये गेला तर पिस्टन अडकतो. उन्हात वाद्य तापून सूर चढतो, तेव्हा ट्युनिंग स्लाइड, म्हणजे सूर जुळवायची सरकती नळी, थोडी बाहेर ओढा. 26 जानेवारीच्या सकाळी थंडीत तो उतरतो, म्हणून संचलन सुरू होईपर्यंत वाद्यात नुसती गरम हवा फुंकत राहा.

वाजवून झाल्यावर वाद्य लगेच पेटीत टाकू नका. खालचे सूर पाच मिनिटं अगदी हलके वाजवा, पाणी प्या. दुसऱ्या दिवशी ओठ सुजलेले असतील तर वाद्याला सुट्टी द्या आणि फक्त ‘स्स्स’ करत चाला.