विमानात लहान मुलांसाठी हेडफोन निवडताना
लहान मुलांना कानात खुपसायचे इअरफोन नकोतच. पूर्ण कान झाकणारे, मऊ गादीचे आणि वजनाला हलके हेडफोन घ्या. पेंगुळलेलं मूल सीटला डोकं टेकवतं तेव्हा फुगीर, कडक कप टोचतात, म्हणून कप चपटे बघा. आवाजाची कमाल मर्यादा ८५ डेसिबल असावी, पण तेवढ्यावर निर्धास्त राहू नका. इंजिनाच्या घरघरीत नीट ऐकू आलं नाही की मुलं आवाज वाढवत नेतात, त्यामुळे बाहेरचा आवाज अडवणारी गादी मला मर्यादेइतकीच महत्त्वाची वाटते. वायर जोडता येईल असेच घ्या. सीटसमोरच्या अनेक स्क्रीनना ब्लूटूथ चालत नाही. आणि प्रवासाआधी काही दिवस घरी रोज थोडा वेळ घालायला द्या, कुठे दाबतंय ते तेव्हाच कळेल.