घरातल्या गमतींवर गोष्ट लिहिताय? या चुका टाळा

दिवाळी अंकाच्या बालविभागासाठी आलेल्या गोष्टी मी वाचते. श्रावण लागला की पाकिटं यायला सुरुवात होते आणि निम्म्या गोष्टींची पहिली ओळ ठरलेली असते: 'आमची सई भारी खोडकर.' घरातल्या प्रसंगांवर लिहायला माझी हरकत नाही, चांगल्या गोष्टी बहुतेक तिथूनच येतात. पण त्याच त्या गफलती पाहून आता हात टेकलेत.

सगळ्यांत मोठी गफलत म्हणजे घडलं तसं उतरवून काढणं. एका आजोबांची गोष्ट आली होती. नातू गच्चीवर वाळत घातलेल्या साबुदाण्याच्या चिकवड्या राखायला बसतो, त्याला डुलकी लागते, कावळे चिकवड्या पळवतात, आजी रागावते, मग हसते, मग सगळेच हसतात. 'यात पुढं काही होत नाही' असं मी कळवलं, तर फोनवर म्हणाले, "अहो, पण हे खरंच घडलंय!" असेल. पोरांना त्याचं काय?

तरी ती गोष्ट मी वाचनालयात दुसरी-तिसरीतल्या पोरांना वाचून दाखवली. आजी रागावेपर्यंत चुळबुळ सुरू झाली होती. एका मुलीनं मध्येच विचारलं, "कावळ्यानं ओलीच खाल्ली?" झालं! ओली चिकवडी चोचीला चिकटणार, चोच उघडणार नाही, काव काव बंद, आणि मग तो कावळा गुपचूप त्या मुलाकडेच परत येणार, असं पोरांनी आपापसांत ठरवूनही टाकलं. आजोबांनी कावळ्यांना एक वाक्य दिलं होतं आणि नातवाच्या झोपलेल्या गोड चेहऱ्याला चार. नातवाचं कौतुक आजोबांना असतं, वाचणाऱ्या पोराला नसतं.

माझी सवय सांगते. पोरं काही बोलली की तेवढंच वाक्य भिंतीवरच्या कॅलेंडरात, दुधाच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवायचं. कोण, कधी, का, काही नाही. महिना संपला की पान उलटण्याआधी वाचायचं. तेव्हाही 'मग पुढं?' असं वाटलं, तरच ते वाक्य वहीत जातं. बाकीची पानासकट रद्दीत.

हे ऐकून नवे लेखक वैतागतात. त्यांना रविवारी पोरगं बोललं की सोमवारी गोष्ट पाठवायची असते. स्वीडिश लेखिका ॲस्ट्रिड लिंडग्रेनची मुलगी १९४१ मध्ये आजारी असताना म्हणाली, मला पिप्पी लाँगस्टॉकिंगची गोष्ट सांग. नाव तिनं तिथल्या तिथं रचलेलं. आईनं ही पिप्पी कोण असं न विचारता सांगायला सुरुवात केली. पुढं आईला पाय मुरगळून घरी बसावं लागलं तेव्हा, १९४४ मध्ये, ते सगळं कागदावर आलं आणि पुस्तक निघालं १९४५ मध्ये. कागदावर येईतोवर गोष्ट तोंडीच होती. शिवाय ती मुलीच्या आजारपणाबद्दल नव्हती, हेही बघा.

मुलाचं खरं नाव वापरू नका. इंग्रज लेखक ए. ए. मिल्ननं 'विनी द पू' या अस्वलाच्या गोष्टींत आपल्या मुलाचं नाव जसंच्या तसं ठेवलं. ख्रिस्तोफर रॉबिनला शाळेत त्यावरून चिडवत, आणि त्याच्या १९७४ मधल्या आठवणींच्या पुस्तकातही ती सल दिसते.

पाहुण्यांसमोर 'ती गंमत सांग ना पुन्हा' म्हणून मुलाला बोलतं करू नका. दुसऱ्या वेळी ते तुमच्यासाठी बोलतं, आणि ते वाक्य कामातून जातं.

शेवटी आजीच्या तोंडून तात्पर्य नको.

हल्ली यंत्राकडून लिहून घेतलेल्या गोष्टीही येतात. त्यात प्रत्येक आजीला चष्मा असतो आणि प्रत्येक मांजरीचं नाव मनी. असा आळस करायचा असेल तर खुशाल करा, फक्त मला पाठवू नका.

गोष्ट मध्येच अडली तर बहुतेक वेळा खोलीत कोणीतरी मोठं माणूस उभं असतं. समजूत घालणारी आई, उपाय सांगणारे बाबा. त्यांना दळण आणायला पाठवून द्या. पोरं एकटी उरली की काहीतरी करतातच.

आणि पहिला श्रोता म्हणून स्वतःचं मूल नको. ते तुम्हाला खूश करायला हसतं. शेजारच्या दोन-तीन पोरांना बोलवा, वाचायला लागा. एखादं उठून खेळायला पळालं तर हाका मारू नका. ते कुठल्या वाक्याला उठलं तिथं पेन्सिलीनं खूण करा आणि उरलेल्यांसाठी पुढं वाचा.