सोलापूरहून अंबिका कालना : एका दिवसात नीट कसं बघायचं

आपल्याकडनं कोलकात्याला गेलेली मंडळी दक्षिणेश्वर, कालीघाट, फार तर गंगासागर करतात आणि परतीची गाडी धरतात. माझं ऐका, एक दिवस अंबिका कालनासाठी ठेवाच. पूर्व बर्धमान जिल्ह्यात भागीरथीच्या काठावरचं गाव, बर्धमानच्या राजांनी शंभराहून जास्त वर्षं देवळं बांधून भरवलेलं.

जायचं कसं? सोलापुरातनं दौंडला जाऊन पुणे-हावडा आझाद हिंद पकडा, नाहीतर सिकंदराबादला जाऊन फलकनुमा. हावड्यावरनं काटवा लोकल, ८२ किलोमीटर, दोनेक तास. स्टेशनबाहेर टोटो म्हणजे बॅटरीची रिक्षा उभी असते, १०८ शिवमंदिर म्हटलं की सोडतात. थंडीत जावा पण पहाटेची लोकल धरा, डिसेंबरात तिकडं पाचलाच अंधार पडतो, शिवाय दुपारी बरीच देवळं बंद असतात.

आधी १०८ शिवमंदिरं, १८०९ साली महाराजा तेजचंद्रांनी बांधलेली. एकात एक दोन वर्तुळं आहेत, बाहेर ७४ आणि आत ३४ देवळं, बाहेरच्या रांगेत एक काळी पिंड एक पांढरी अशी आळीपाळीनं आणि आत सगळ्या पांढऱ्या, मधोमध विहीर. आपण सिद्धरामेश्वरांची ६८ लिंगं करायला अख्ख्या सोलापूरभोवती फिरतो, इथं १०८ एकाच आवारात, त्यामुळं लोक फोटो काढून दहा मिनिटात बाहेर पडतात. तसं करू नका. बाहेरचं वर्तुळ सावकाश चालत पूर्ण करा, मगच आत जावा.

आता समोरचा रस्ता ओलांडा, राजबाडीचं म्हणजे राजवाड्याचं आवार तिथंच आहे आणि कालनाचं खरं सोनं इथंच आहे. त्या मुलखात आपल्यासारखा काळा दगड नाही, नदीची माती आहे, म्हणून विटा भाजल्या आणि त्याच मातीच्या पट्ट्यांवर चित्रं कोरून भिंतींवर बसवली. प्रतापेश्वर देऊळ (१८४९) लहान आहे पण तिथं किमान तासभर द्या. भिंतीपासून हातभर अंतरावर उभं राहा आणि खालनं वर बघत जावा, राम-रावणाचं युद्ध दिसेल आणि त्या युद्धाच्या मध्ये दुर्गा, रामाचा राज्याभिषेक दिसेल. हे देऊळ राजपुत्र प्रतापचंद यांच्या नावाचं. ते १८२१ मध्ये कालनातच वारले असं जाहीर झालं, आणि पुढं पंधराएक वर्षांनी एक संन्यासी आला, म्हणाला मीच प्रतापचंद! कोर्टात केस चालली, कोर्टानं त्याला तोतया ठरवलं. आपल्याला पानिपतानंतरचा तोतया भाऊ माहीत आहे, हा बंगालचा.

पुढं लालजी मंदिर (१७३९) आणि कृष्णचंद्र मंदिर (१७५१ ते ५५), दोन्हीवर पंचवीस-पंचवीस शिखरं. लालजीची खालनं मोजा, बारा, आठ, चार आणि टोकाला एक. आता या दोन सालांच्या मधली वर्षं मराठी माणसानं जरूर आठवावीत. १७४२ पासून नागपूरकर रघुजी भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून आल्या, भास्करपंत कोल्हटकरांचा तळ काटव्याला होता, म्हणजे आपण ज्या लोकलनं आलो ती जिथं जाते तिथं. बर्धमानचा मुलूख लुटला गेला, १७५१ ला तह झाला तेव्हा कुठं थांबलं. तिथल्या आया अजून लेकरांना 'बर्गी आले' अशी अंगाई म्हणतात. बर्गी म्हणजे आपलेच लोक, आणि त्यांनी तिथं काय केलं हे आपल्या शाळेत कुणी शिकवत नाही, मला ते खटकतं. तह झाला त्याच साली तिथल्या लोकांनी पुन्हा पंचवीस शिखरांचं देऊळ बांधायला घेतलं, हे ध्यानात ठेवून कृष्णचंद्राच्या समोर उभं राहा.

सिद्धेश्वरी कालीचं देऊळ टोटोनंच करा, गावाला अंबिका नाव तिच्यावरनं पडलं. मग महाप्रभूबाडी, बंगालचे वैष्णव संत चैतन्य महाप्रभू यांचे सोबती गौरीदास पंडित यांचं ठिकाण. वारकरी घरातल्यांनी तर चुकवूच नये, कारण चैतन्यांचे थोरले भाऊ विश्वरूप संन्यास घेऊन निघाले आणि आपल्या पंढरपुरात त्यांनी देह ठेवला, असं बंगाली वैष्णव मानतात. तिथल्या कुणाला सांगा की आम्ही पंढरपूरच्याच जिल्ह्यातले, बोलणं आपोआप सुरू होतं.

खायला माखा संदेश म्हणजे छेन्याची मऊ मिठाई घ्या, थंडीत नव्या खजुरी गुळाचा मिळाला तर दुसरं काही बघू नका.

परत त्याच लोकलनं येण्यापेक्षा घाटावरनं फेरी बोटीनं पलीकडं नृसिंहपूरला उतरा आणि शांतिपूर गाठा. मागवाल्यांच्या गावचे आपण, शांतिपुरी साडी मागावर विणताना बघायलाच पाहिजे, खरेदीही थेट विणकराकडनं करा. तिथनं सियालदहला लोकल आहे.